वाचकांचे प्रश्न : ॲबिगेल ॲडम्सची पत्रे आणि कादंबरीकाराचे स्वातंत्र्य

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या काळातील राजकारणी पुरुषांच्या पत्नींवर ऐतिहासिक कादंबरी लिहावी कशी आणि वाचावी कशी, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे या अंकात घेतली आहेत. बहुतेक पत्रांत ॲबिगेल ॲडम्सचे नाव असल्यामुळे उत्तरांचा मोठा भाग तिच्याकडे वळला आहे. तिचा पती जॉन ॲडम्स हा मॅसॅच्युसेट्समधील वकील, काँटिनेंटल काँग्रेस या वसाहतींच्या प्रतिनिधिसभेचा सदस्य, पुढे युरोपातील राजदूत आणि १७९७ ते १८०१ या काळात अमेरिकेचा दुसरा राष्ट्राध्यक्ष होता. सहावा राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स हा या दोघांचा थोरला मुलगा.

प्रश्न : मी ॲबिगेल ॲडम्सवर कादंबरी लिहीत आहे. पती-पत्नींनी एकमेकांना लिहिलेली हजाराहून अधिक पत्रे उपलब्ध आहेत आणि ती वाचता वाचता माझा धीर सुटत चालला आहे. तिने स्वतःच सगळे इतके नेमके सांगून ठेवले आहे की, मी रचलेले संवाद त्यापुढे पोकळ वाटतात. कादंबरीकाराला येथे काही शिल्लक उरते का? (एक लेखिका, पुणे)

उत्तर : उरते, आणि पुष्कळ उरते, मात्र ते कुठे उरते हे शोधण्यासाठी ही पत्रे केव्हा लिहिली गेली याकडे आधी पाहावे लागेल. एका छपराखाली राहणारी नवरा-बायको एकमेकांना पत्रे लिहीत नाहीत. जॉन आणि ॲबिगेल यांचा विवाह २५ ऑक्टोबर १७६४ रोजी झाला, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. पुढची दहा वर्षे न्यायालयांच्या फिरतीपुरताच काय तो वियोग घडला. त्या दहा वर्षांत पाच मुले जन्मली, त्यांतली सुझॅना जेमतेम वर्षाची होऊन गेली, ब्रेनट्रीचे घर आणि बॉस्टनमधली भाड्याची बिऱ्हाडे यांच्यात संसार हलत राहिला, आणि १७७० मध्ये बॉस्टनच्या रस्त्यावर जमावावर गोळ्या झाडणाऱ्या ब्रिटिश शिपायांचे वकीलपत्र जॉनने घेतले. गावाचा रोष ओढवून घेणाऱ्या त्या निर्णयाच्या दिवसांत, ज्या वर्षाच्या आरंभी मूल गेले आणि ज्या वर्षी पुढचे मूल जन्मले त्या वर्षात, त्या घरात काय बोलणे झाले असेल? पत्रांत याचे उत्तर मिळणार नाही, कारण दोघेही घरीच होती. ऑगस्ट १७७४ मध्ये जॉन फिलाडेल्फियाच्या काँग्रेसला निघाला आणि तेथून पत्रांचा ओघ सुरू झाला. म्हणजे आपल्या हाती आहे ती विरहाची नोंद आहे. सहवासाची बाजू जवळजवळ कोरी आहे, आणि ती लिहिण्याचा अधिकार कादंबरीकाराचा आहे.

दुसरी गोष्ट अशी की, ही पत्रे पूर्ण मोकळेपणाने लिहिलेली नाहीत. १७७५ च्या उन्हाळ्यात जॉनची दोन पत्रे वाटेत ब्रिटिशांच्या हाती पडली आणि छापून प्रसिद्ध झाली. त्यांतले एक ॲबिगेलला लिहिलेले होते. त्यानंतर दोघांच्याही लेखणीला तिसऱ्या वाचकाचे भय लागलेले दिसते. पुढे जॉन फ्रान्सला गेला तेव्हा तर पत्राला समुद्र ओलांडायचा होता, जहाज शत्रूने पकडले तर टपाल समुद्रात फेकून द्यायचे असा रिवाज होता, आणि पोचलेल्या पत्रालाही महिनोन्महिने लागत. ‘पोर्शिया’ या टोपणनावाने सही करणारी ॲबिगेल पतीची पत्रे तोकडी आणि कोरडी असतात अशी तक्रार करते, आणि तो उलट सावधगिरीचे कारण पुढे करतो. या तक्रारीत आणि या उत्तरात खरे किती आणि सबब किती, हे ठरवताना कादंबरीकाराला दस्तऐवजाच्या पलीकडे जावेच लागते. दस्तऐवजाशी विसंगत होणार नाही एवढे पथ्य पाळले, म्हणजे झाले.

आपल्याला एकच महिना सुचवतो : जुलै १७७७. ॲबिगेल गरोदर आहे, नऊ महिने भरत आले आहेत, जॉन फिलाडेल्फियात आहे. एका रात्री तिला हुडहुडी भरते आणि पोटातले मूल गेले असावे अशी शंका तिला येते. तसे ती पतीला कळवते. १० जुलैला ती पुन्हा लिहायला बसते. कळा सुरू झाल्या आहेत. पत्राच्या मध्येच ती लिहिते की, आता लेखणी खाली ठेवणे भाग आहे, जे टाळता येत नाही ते सोसले पाहिजे. आणि पुढच्याच शब्दांत, ते सोसून झाले आणि लेखणी पुन्हा उचलली, असे सांगून मजकूर पुढे चालू ठेवते. दुसऱ्या दिवशी मृत मुलगी जन्मली. तिचे नाव एलिझाबेथ ठेवले. काही दिवसांनी ॲबिगेल पतीला लिहिते की, बाळ दिसायला अतिशय छान होते, आणि या जगात त्याने डोळे उघडलेच नसल्यामुळे ते झोपेत मिटल्यासारखेच वाटत होते.

आता याच महिन्याच्या अखेरचे पत्र पाहावे. युद्धामुळे साखर आणि कॉफी मिळेनाशी झाली होती आणि व्यापारी माल दडवून बसले होते. बॉस्टनमधल्या एका श्रीमंत, अविवाहित आणि कंजूष व्यापाऱ्याने पौंडाला सहा शिलिंगांपेक्षा कमी भावाने कॉफी विकण्यास नकार दिला होता. शंभराच्या आसपास बायका हातगाड्या घेऊन त्याच्या वखारीवर चालून गेल्या आणि त्यांनी किल्ल्या मागितल्या. त्याने दिल्या नाहीत, तेव्हा एकीने त्याची मानगूट धरून त्याला गाडीत फेकले. मग किल्ल्या मिळाल्या. बायकांनी गाडी उलटी करून त्याला खाली ओतले, वखार उघडली, स्वतः कॉफी बाहेर काढली, गाड्यांवर चढवली आणि निघून गेल्या. पुरुषांचा मोठा जमाव हे सारे अवाक होऊन पाहत उभा होता. हे सगळे ॲबिगेल पतीला किती चवीने सांगते हे मुळातूनच वाचावे. मूल गेल्याला तीन आठवडेही झालेले नाहीत.

एकाच हाताने लिहिलेल्या या दोन पत्रांच्या मधले वीस दिवस हा आपल्या कादंबरीचा खरा ऐवज आहे. बारा वर्षांची मुलगी नॅबी घरात आहे, तीन लहान मुले आहेत, जुलै महिना असल्यामुळे गवताच्या कापणीची घाई आहे आणि मजूर सैन्यात गेलेले आहेत. या घरात दुःख कोणत्या वेळी करायचे, कुणासमोर करायचे, आणि बॉस्टनमधल्या बायकांची वार्ता आली तेव्हा या बाईला प्रथमच हसू आले का, हे पत्रांनी सांगितलेले नाही.

एक सूचना मात्र आग्रहाने करतो. पत्रांतली वाक्ये उचलून तिच्या तोंडी संवाद म्हणून घालू नयेत. पुष्कळ कादंबऱ्या याच ठिकाणी फसतात. पत्रातली ॲबिगेल शेक्सपिअर आणि पोप वाचलेली, शब्द तोलून लिहिणारी लेखिका आहे. चुलीपाशी उभी राहून गड्याला सूचना देणारी ॲबिगेल त्या भाषेत बोलत नसणार. आपले संवाद पोकळ वाटतात त्याचे कारण बहुधा हेच असेल की, आपण तिला पत्रांच्या भाषेत बोलायला लावता आणि मूळ पत्राशी स्पर्धा करता. ती स्पर्धा जिंकण्यासारखी नाही, आणि जिंकण्याची गरजही नाही.

प्रश्न : नवे कायदे करताना ‘स्त्रियांची आठवण ठेवा’ असे ॲबिगेलने पतीला बजावले होते, हे मी वर्गात विद्यार्थिनींना नेहमी सांगते. तिच्यावरच्या कादंबरीत हाच प्रसंग उत्कर्षबिंदू असावा असे मला वाटते. आपले मत काय? (एक शिक्षिका, नागपूर)

उत्तर : विद्यार्थिनींना आपण हे सांगता ते योग्यच आहे. परंतु कादंबरीचा उत्कर्षबिंदू तेथे ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ते पत्र ३१ मार्च १७७६ चे आहे. दोनच आठवड्यांपूर्वी ब्रिटिश फौजा बॉस्टन सोडून गेल्या होत्या, घराच्या खिडक्या हादरवणाऱ्या तोफा शांत झाल्या होत्या, आणि आपण पेरू ते आपणच कापू असा भरवसा वसंत ऋतूत प्रथमच वाटू लागला होता. त्या मोकळ्या श्वासात तिने हे लिहिले. तिची मागणी मतदानाच्या हक्काची नव्हती. नवऱ्यांच्या हाती अमर्याद सत्ता देऊ नये, एवढी ती होती. त्या काळच्या इंग्रजी कायद्यानुसार विवाहित स्त्रीला स्वतंत्र कायदेशीर अस्तित्वच नव्हते : तिची मिळकत, तिची कमाई, तिने केलेला करार, सारे पतीच्या अधिकारात जाई. जॉनने १४ एप्रिलच्या उत्तरात तिची सूचना हसण्यावारी नेली. ती गप्प बसली नाही. मर्सी ओटिस वॉरेन या लेखिका मैत्रिणीला तिने हा सारा प्रकार कळवला आणि दोघींनी मिळून काँग्रेसकडे अर्ज करावा असे सुचवले. ७ मे रोजी जॉनलाही तिने पुन्हा लिहिले की, तुम्ही साऱ्या राष्ट्रांना मुक्त करायला निघाला आहात आणि बायकांवरची निरंकुश सत्ता मात्र सोडायला तयार नाही.

हा प्रसंग तेजस्वी आहे, यात शंका नाही. परंतु कादंबरी या वाक्यावर तोलली की, ॲबिगेल ही एका सुंदर वाक्याची मालकीण होऊन बसते आणि नंतरची बेचाळीस वर्षे तिने जे केले ते झाकले जाते. तिने जे केले त्याचा संबंध पैशाशी आहे, आणि चरित्रात्मक कादंबऱ्या नायिकेच्या पैशाबद्दल बोलायला संकोचतात, हे मला नेहमी खटकत आले आहे.

सुरुवात टाचण्यांपासून होते. जून १७७५ मध्ये, बंकर हिलच्या लढाईच्या आदल्या दिवशी, ती फिलाडेल्फियातल्या पतीला विनवते की, टाचण्यांचा एक गठ्ठा विकत घेऊन ट्रंकेत टाकून आणा. एका गठ्ठ्यात सहा हजार टाचण्या येत. पूर्वी साडेसात शिलिंगांना मिळणाऱ्या टाचण्या आता वीस शिलिंगांनाही मिळत नाहीत, असे ती सांगते. टाचण्या इंग्लंडहून येत आणि व्यापार बंद होता. स्त्रियांचे कपडे टाचण्यांनीच अंगावर बसवले जात. टंचाई कशाची आहे आणि भाव कुठे चालला आहे हे या बाईला घरबसल्या कळत होते. पुढे जॉन युरोपात असताना हीच जाण धंद्यात उतरली. तो तिकडून रुमाल, फिती, कापड, चहा, चिनी मातीची भांडी असा माल पाठवी, आणि ती तो नातेवाइकांमार्फत व मैत्रिणींमार्फत विकून रोख पैसा उभा करी. राजदूताच्या तुटपुंज्या वेतनावर मागे राहिलेला संसार तिने असा चालवला.

उरलेल्या पैशाचे काय करायचे यावर मात्र दोघांचे जमेना. जॉनचा जीव जमिनीत होता. शेजारची शेते, पाणथळ कुरणे, डोंगरउतार, मिळेल ते घ्यावे असे त्याला वाटे. जमिनीपेक्षा सरकारी कर्जरोख्यांत परतावा अधिक आहे हे ॲबिगेलने हेरले होते, आणि आपल्या मावशीचा नवरा कॉटन टफ्ट्स याच्या मदतीने तिने ते रोखे घेतलेही. १७८२ मध्ये तिने व्हर्मांटमध्ये पती आणि चार मुले यांच्या नावे प्रत्येकी ३३० एकर जमीन घेतली. स्वतःच्या नावे मात्र घेता येईना, कारण ती विवाहित होती. जॉनने व्हर्मांटच्या भानगडीत यापुढे पडू नकोस असे तिकडून लिहिले.

आणि मग जानेवारी १८१६ येतो. एकाहत्तर वर्षांची, आजारी ॲबिगेल मृत्युपत्र लिहायला बसते. पती हयात असलेल्या स्त्रीला मृत्युपत्र करण्याचा अधिकारच कायद्याने दिलेला नव्हता. तरीही तिने ते केले : रोख रक्कम, रोखे, रेशमी झगे, दागिने, सारे मोजून वाटून दिले, आणि त्यातला फार मोठा भाग नाती, भाच्या, पुतण्या, सुना आणि घरात काम करणाऱ्या स्त्रिया यांच्या वाट्याला घातला. २८ ऑक्टोबर १८१८ रोजी ती गेली. ते मृत्युपत्र एका शब्दाने रद्द ठरवणे जॉनला शक्य होते; त्याने ते पाळले. चाळीस वर्षांपूर्वी जो विचार त्याने हसण्यावारी नेला होता, तो तिने परवानगीची वाट न पाहता स्वतःच्या घरापुरता अमलात आणला आणि त्याने मान्य केला. आपल्या विद्यार्थिनींना १७७६ च्या पत्रासोबत हे मृत्युपत्रही सांगावे, ही माझी विनंती.

प्रश्न : ॲबिगेलची पत्रे उरली म्हणून तिच्यावर लिहिता येते. ज्यांची पत्रे नष्ट झाली त्या स्त्रियांवर कादंबरी लिहिणे म्हणजे निव्वळ कल्पनाविलास नव्हे का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नव्हे, परंतु अशा वेळी लेखकाची जबाबदारी वाढते. मार्था वॉशिंग्टनने पती-पत्नींमधला पत्रव्यवहार जाळून टाकला. दोघांची हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच पत्रे आज उरली आहेत. त्यांतल्या एकात, जून १७७५ मध्ये, आपल्याकडे सैन्याचे सेनापतिपद आले आहे हे जॉर्ज पत्नीला कळवतो आणि आपण मृत्युपत्र करून ठेवले आहे हेही सांगतो. उरलेले तिने आपल्यापासून जाणीवपूर्वक दूर ठेवले, आणि तिच्यावर लिहिणाऱ्याने तिचा हा निर्णय स्वभावाचा भाग मानूनच पुढे जावे. जिने पत्रे जाळली त्या स्त्रीला प्रत्येक प्रकरणात मन मोकळे करायला लावणे मला तिच्यावरचा अन्याय वाटतो.

एलायझा हॅमिल्टनची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. अल्बनीच्या श्रीमंत स्कायलर घराण्यातली ही मुलगी १४ डिसेंबर १७८० रोजी अलेक्झांडर हॅमिल्टनची पत्नी झाली. तो पुढे अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री झाला. त्याने तिला लिहिलेली पत्रे आहेत, तिने त्याला लिहिलेली जवळजवळ नाहीत. ऑगस्ट १७९७ मध्ये त्याने आपल्या विवाहबाह्य संबंधाची कबुली देणारी पुस्तिका स्वतःच छापली. आर्थिक गैरव्यवहाराचा आरोप धुऊन काढण्यासाठी त्याने पत्नीची लाज चव्हाट्यावर मांडली. त्याच महिन्यात तिचे सहावे मूल जन्मले होते. १८०१ मध्ये थोरला मुलगा फिलिप द्वंद्वयुद्धात मारला गेला, आणि जुलै १८०४ मध्ये त्याच रीतीने पतीही गेला. त्यानंतर ती पन्नास वर्षे जगली.

तिच्यावरचे ललित लेखन बहुतेक करून प्रेमात पडण्यापासून द्वंद्वयुद्धापर्यंत चालते आणि पन्नास वर्षे शेवटच्या काही पानांत उरकते. मला हे पटत नाही. कागद उरले आहेत ते याच पन्नास वर्षांचे. १८०६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेल्या अनाथाश्रमाच्या संस्थापकांपैकी ती एक होती, पुढे अनेक वर्षे ती त्याची प्रमुख होती. मुलांना दाखल करून घेणे, देणग्या मागणे, हिशेब पाहणे हे तिचे रोजचे काम होते. त्याच वेळी पतीचे कागदपत्र गोळा करणे, त्याच्या जुन्या सहकाऱ्यांना लिहून आठवणी मागवणे, आणि चरित्र लिहून घेण्यासाठी मुलाच्या मागे लागणे चालूच होते. पतीचा प्रत्येक कागद जपणाऱ्या या स्त्रीच्या संग्रहात तिची स्वतःचीच पत्रे नाहीत. या रिकाम्या जागेत संताप भरायचा, संकोच भरायचा, की मला कुणी शोधू नये अशी साधी इच्छा भरायची, हा निर्णय लेखकाचा आहे. मात्र तो निर्णय आपण घेतला आहे, कागदात तो नाही, हे कादंबरीच्या अखेरीस दोन ओळींत सांगावे. आपल्याकडे राजवाड्यांनी बखरीपेक्षा अस्सल पत्राला अधिक प्रमाण मानले, तेव्हापासून मराठी वाचकाला हा भेद कळतो. त्याला तो स्पष्ट सांगितला तर कादंबरीची गोडी कमी होत नाही.

बेंजामिन फ्रँकलिनची पत्नी डेबोरा हिच्याकडे कुणी लेखक वळावा अशी माझी फार इच्छा आहे. १७६५ मध्ये स्टॅम्प कायद्यावरून खवळलेला जमाव फिलाडेल्फियातल्या घरावर येणार असे कळले, तेव्हा पती लंडनमध्ये होता. तिने घर सोडायला नकार दिला, नातेवाइकांना बंदुका घेऊन बोलावले आणि वरच्या खोलीत मोर्चा बांधून बसली. तिला समुद्राची भीती होती, त्यामुळे ती कधी लंडनला गेली नाही. तो १७६४ मध्ये गेला तो ती डिसेंबर १७७४ मध्ये मरेपर्यंत परतला नाही. तिचे शुद्धलेखन तिचे स्वतःचे होते, जसे बोलायची तसे ती लिहायची, आणि म्हणूनच तिच्या पत्रांतून तिचा आवाज ऐकू येतो.

प्रश्न : स्वातंत्र्याच्या गोष्टी करणाऱ्या या घरांमध्ये गुलाम माणसे काम करीत होती. कादंबरीत हे किती दाखवावे? नायिकेबद्दलची सहानुभूती त्यामुळे ओसरणार नाही का? (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : जितके होते तितके दाखवावे. सहानुभूती ओसरत असेल तर ती ओसरू द्यावी. ज्या नायिकेला टिकवण्यासाठी घरातली माणसे पानांवरून पुसावी लागतात, ती नायिका टिकण्यासारखी नव्हती असे समजावे.

ॲबिगेलच्या बाबतीत चित्र सरळ नाही. जॉनने आणि तिने कधी गुलाम ठेवला नाही. या प्रांतात एकही गुलाम नसावा असे तिने सप्टेंबर १७७४ मध्ये लिहिले. आणि ‘स्त्रियांची आठवण ठेवा’ म्हणणाऱ्या त्याच प्रसिद्ध पत्रात, दुसऱ्यांचे स्वातंत्र्य हिरावून घेण्याची सवय जडलेल्या लोकांच्या मनात स्वातंत्र्याची ओढ तितकीच प्रबळ असू शकेल का, असा प्रश्नही आहे. परंतु ती ज्या घरात वाढली, त्या वेमथच्या धर्मोपदेशकाच्या घरात गुलाम होते. त्यांपैकी फीबी हिला ॲबिगेलच्या वडिलांच्या मृत्युपत्राने १७८३ मध्ये मुक्त केले. १७८४ मध्ये ॲबिगेल युरोपला निघाली तेव्हा ब्रेनट्रीचे घर तिने फीबी आणि तिचा पती यांच्यावर सोपवले. जिने ॲबिगेलला लहानपणापासून पाहिले, ती आता मोकळी होऊन तिच्या रिकाम्या घराची राखण करते आहे, आणि ती त्या घरात काय विचार करीत असेल हे सांगणारा एकही कागद तिच्या हातचा नाही. एखाद्या लेखकाने कादंबरीची चार वर्षे फीबीच्या नजरेतून सांगितली, तर मी ती आनंदाने वाचेन.

जून १७८७ मधला लंडनचा प्रसंगही वगळू नये. तेव्हा पॅरिसमध्ये राजदूत असलेल्या थॉमस जेफरसनची आठ वर्षांची मुलगी पॉली व्हर्जिनियाहून लंडनला पोचली आणि पॅरिसला जाण्यापूर्वी ॲबिगेलकडे उतरली. तिच्यासोबत चौदा वर्षांची सॅली हेमिंग्ज होती, जेफरसनची गुलाम. ॲबिगेलने जेफरसनला कळवले की, सोबत आलेली मुलगी पंधरा-सोळा वर्षांची आहे, आणि तुमच्याकडे जो नोकर आहे त्याची ती बहीण आहे. २६ जूनच्या त्या पत्रात सॅलीचे नाव नाही. पुढे ॲबिगेलने असेही लिहिले की, ही मुलगी स्वतःच लहान आहे आणि कप्तानाच्या मते तिला परत नेलेलेच बरे. तसे झाले असते तर सॅलीचे आयुष्य वेगळे झाले असते.

मार्था वॉशिंग्टनवरच्या कादंबरीत तर तिच्या घरातली गुलाम ओना जज हिला बाजूला ठेवताच येणार नाही. मार्था आपल्या नातीला लग्नाची भेट म्हणून आपल्याला देणार आहे हे कळल्यावर मे १७९६ मध्ये, राष्ट्राध्यक्षांचे कुटुंब जेवायला बसलेले असताना, ती फिलाडेल्फियातल्या घरातून निघाली आणि जहाजाने न्यू हॅम्पशायरला पोचली. तिला परत आणण्याचे प्रयत्न झाले. ती गेली नाही. म्हातारपणी तिने आपली हकीकत वृत्तपत्रांना सांगितली, म्हणजे या प्रसंगाची तिची बाजू कागदावर आहे. मार्थाची बाजू आपल्याला रचावी लागते. या दोघींमधला कोण बोलतो आणि कोण गप्प राहतो याचा नेहमीचा क्रम येथे उलटलेला आहे, आणि कादंबरीसाठी ही फार मोलाची गोष्ट आहे.

प्रश्न : ॲबिगेलची मूळ पत्रे येथून वाचता येतील का? अठराव्या शतकातले इंग्रजी मला झेपेल का, आणि सुरुवात कुठून करावी? (एक वाचक, सांगली)

उत्तर : वाचता येतील, आणि पैसेही पडणार नाहीत. ॲडम्स कुटुंबाने आपला सारा संग्रह १९५६ मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीला दिला. पती-पत्नींची पत्रे या संस्थेच्या संकेतस्थळावर हस्ताक्षराच्या छायाचित्रांसह आणि टंकलिखित मजकुरासह खुली आहेत. ॲबिगेल कधी शाळेत गेली नव्हती, तिचे शुद्धलेखन आणि विरामचिन्हे मनाची आहेत. अडलेला शब्द मोठ्याने उच्चारून पाहिला की बहुधा उलगडतो.

पहिल्या पत्रापासून क्रमाने वाचू नये, कंटाळा येईल. जून १७७५ पासून सुरुवात करावी. १७ जूनला बंकर हिलची लढाई झाली, सात वर्षांच्या जॉन क्विन्सीला घेऊन ती घराजवळच्या पेन्स हिल या टेकडीवर गेली आणि जळणारे चार्ल्सटाउन दोघांनी तेथून पाहिले. कुटुंबाचे स्नेही डॉक्टर जोसेफ वॉरेन त्या लढाईत पडले, हे तिने दुसऱ्याच दिवशी जॉनला लिहिले. तेथून त्याच वर्षीच्या शरद ऋतूत यावे, जेव्हा आमांशाच्या साथीत तिची आई गेली. मग मार्च ते जुलै १७७६ : जुलैच्या पत्रांत ती मुलांना देवी टोचून घेण्यासाठी बॉस्टनला गेलेली आहे, आणि १८ तारखेला स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला जात असताना गर्दीत उभी आहे. नंतर जुलै १७७७. एवढे झाल्यावर मधली वर्षे सोडून नोव्हेंबर १८०० मध्ये नॅबीला लिहिलेले पत्र उघडावे, ज्यात राष्ट्राध्यक्षांच्या नव्या, अर्धवट बांधलेल्या निवासातल्या भव्य दालनात आपण कपडे वाळत घालतो असे ती सांगते. एवढे वाचून झाल्यावर राहिलेली पत्रे कोणत्या क्रमाने घ्यावीत हे आपले आपल्यालाच कळेल.

बॉस्टन परिसरात नातेवाईक असतील आणि तिकडे जाणे झाले, तर शहरातल्या रेड लाइनच्या गाडीने क्विन्सी सेंटरला उतरावे. ब्रेनट्रीचा हा भाग १७९२ मध्ये क्विन्सी या नावाने वेगळा झाला. जॉन आणि जॉन क्विन्सी यांची जन्मघरे आणि उतारवयातले ‘पीसफील्ड’ हे घर आता राष्ट्रीय उद्यानाच्या ताब्यात आहे. जाण्यापूर्वी ती कोणत्या महिन्यांत उघडी असतात याची चौकशी करून घ्यावी.